गॅलरीतलं इंग्रजी

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. नववीनंतर मी शाळेत गेलो नाही आणि शब्दही साधेच येतात.

मुलगी बघायला घोडपदेवला गेलो होतो. पोहे झाल्यावर आम्हा दोघांना बोलायला चाळीच्या गॅलरीत पाठवलं. तिथे अख्ख्या मजल्याला नेमके तेव्हाच कपडे वाळत घालायचे होते. तिने कामाचं विचारलं, ते मी सांगितलं आणि गप्प झालो. ती हसून म्हणाली, "यू फिट द बिल."

मी थँक्यू म्हणालो.

मुलगी मनापासून आवडली होती, पण हा होकार की नकार तेच कळेना. लालबागला आल्यावर मित्राला, संत्याला, विचारलं.

"नकार आहे रे. होकार मराठीत देतात. नकार द्यायलाच लोक इंग्रजीत शिरतात."

"अरे, पण ती हसली."

"तुला वाईट वाटू नये म्हणून. आणि थँक्यू कशाला म्हणालास, येड्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमत करून तिला फोन लावला. म्हटलं, "काल म्हणालात ते मराठीत सांगाल का?"

"मला जसा मुलगा हवा होता, तसेच आहात तुम्ही. शेजारणी ऐकत होत्या, म्हणून इंग्रजीत म्हटलं."

"कसा हवा होता?"

"कमी बोलणारा. आमच्या घरात सगळेच बोलतात."

आता यावर काही बोलावं की नाही, तेच मला समजेना. फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. तिनेही ठेवला नाही.