शेवळांचा पहिला घास

शेवळं खाणार असाल तर आधी हे ऐका. माझ्या माहेरी साखरशेतात रीत अशी की रांधणारीने पाहुण्यांसमोर पहिला घास खायचा. या रानफुलाची भाजी खाजरी, त्याचा जमिनीतला कांदाही तसाच. काकडाच्या आंबट फळांचा रस भरपूर पडला तरच घसा वाचतो.

जव्हारहून संस्थानच्या कचेरीतला कारकून मला बघायला आला, सोबत त्याची आत्या. आईने मलाच शेवळं रांधायला बसवलं. आत्याबाई चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "पोरी, एवढं आंबट आमच्याकडे चालत नाही हो." पाहुण्यांचा मान म्हणून मी निम्मा रस बाजूला ठेवला.

पानं वाढली. मी पहिला घास घेतला आणि घशात काटे टोचल्यासारखं झालं. आई डोळ्यांनी खुणावत होती, गप्प राहा.

"भाजी खाजतेय," मी म्हणाले. "उरलेला रस घालून परत शिजवते. तोवर कुणी खाऊ नका."

"नखरे बघा हिचे," म्हणत आत्याबाईंनी मोठा घास घेतला.

मुलगा मात्र हात मांडीवर ठेवून म्हणाला, "मी थांबतो."

त्या दिवशी नकार द्यायला आत्याबाईंना आवाजच उरला नाही, आणि लग्न ठरलं.

तुमच्याकडे बायका सगळ्यांच्या मागून जेवतात ना? आमचे हे अजून साध्या वरणभातालाही म्हणतात, "आधी तू खा."