निम्मं धरायचं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघे भाऊ बसले होते. धाकट्याच्या डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून थोरला मोबाइलवरचं त्याला वाचून दाखवत होता.

“नव्या ग्राफिक्स कार्डाचे आकडे फुटलेत. आत्ताच्या दीडपट वेग म्हणतायत.”

“दादा, बाजारात येण्याआधी सगळीच दीडपट असतात. तूच म्हणतोस, निम्मं धरायचं.”

“निम्मं धरलं तरी सव्वापट झालंच की. तुझ्या रेसिंगच्या गेममध्ये पावसातही गाडी अडखळणार नाही.”

“येणार कधी?”

“आठ महिने तरी लागतील.”

“मग थांबू. दोन वर्षं थांबवलंयस, आठ महिन्यांनी काय होतंय!”

“थांबलं की चांगलंच मिळतं रे.”

आतून फक्त थोरल्याला बोलावलं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला.

“चल. जाता जाता दुकानात जाऊ. आहे तेच कार्ड घेऊन टाकू.”

“आणि नवीन?”

“काही खरं नसतं त्या आकड्यांचं.”

“सव्वापट तर तूच म्हणालास.”

“आज घेऊ म्हटलं ना! घरी गेल्या गेल्या कॉम्प्युटरला जोडून देतो.”

“दादा.”

“काय?”

“किती महिने दिसेल म्हणाले डॉक्टर? निम्मे धरू नकोस, आहेत तेवढे सांग.”