मालक विदेशात, देवाजी कोर्टात

नागपूरच्या कोर्टाबाहेर नीला भावाच्या तारखेसाठी बसली होती. शेजारच्या बाकावर खापा गावचे नवरा-बायको. विदेशी कंपनीच्या कारखान्यातल्या वायूनं नवऱ्याचा आवाज पार बसला होता.

“वकील म्हणते, मालक विदेशात राहते. त्याले इथं आणता येत नाही,” तो पुटपुटला.

“तुमचा आवाज चुलीपासून दारापर्यंत जात नाही, तिथं काय जाईन?”

“हासून राहिली काय वं?”

“मंग! कंपनीनं मास्क देल्ला नाही, तोंडाले बांधाले माझं लुगडं फाडून नेलं. आधी माझं लुगडं मांगा!”

“मांगतो ना. जरीचं मांगतो.”

“देवाजी मेश्राम, हाजीर हो!”

देवाजीनं तोंड उघडलं, पण नुसतीच हवा बाहेर आली. शिपाई पुढचं नाव घेऊ लागला.

“हजर आहेत!” बायकोच्या आधी नीलाच ओरडली.