घरटी एक

दादाभाऊ : ...तर ध्यानात ठेव आरती, आजपासून निरगुडसरात दारोदार पत्रिका वाटायची पद्धत संपली! ईमेल! एक कळ दाबली, की आख्खा आंबेगाव तालुका आपल्या मांडवात.

आरती : आप्पा, आधी झाकण उघडा. लॅपटॉपचं.

दादाभाऊ : उघडतो गं. लग्न तुझं हाय, तू नुसतं लाजायचं.

आरती : व्हॉट्सॲपवर काय वाईट आहे?

दादाभाऊ : तिथं पत्रिका गुड मॉर्निंगच्या फुलांत गाडली जाती. हे बघ, गट केलेत मी. पहिला 'चूलबंद'. आख्खं घर जेवायला, त्या दिवशी त्यांची चूल पेटायची न्हाई. दुसरा 'घरटी एक'. एका घरातनं एकच माणूस. तिसरा 'नुसतं कळवणं'.

आरती : तिसऱ्यातल्यांनी काय करायचं?

दादाभाऊ : आनंद मानायचा. आपापल्या घरी.

आरती : आणि सयाजीमामा 'घरटी एक'मध्ये? सख्खा मामा?

दादाभाऊ : तुझ्या ताईच्या लग्नाला ह्या सख्ख्या मामानं दोन पिकअप भरून माणसं आणली. नवरदेव पंगत उठायची वाट बघत उभा व्हता.

आरती : बरं. पण हे पत्ते त्या खालच्या रकान्यात टाका. मग आणखी कुणाकुणाला मेल गेला, ते कुणाला दिसत नाही.

दादाभाऊ : चोरून बोलवायचं? अगं, पत्रिकेत नाव छापलं न्हाई म्हणून भावकी रुसती. इथं तर फुकटात समद्यांची नावं वर झळकत्यात. धाडलं बघ!

(दुसऱ्या दिवशी सकाळी. अंगणात मोटारसायकल थांबते.)

सयाजी : रामराम दाजी. पारगावावरनं एकटाच आलोय. मोजून घ्या.

दादाभाऊ : या, या पावणं! आरती, मामांना चहा टाक.

सयाजी : आख्खा कप मिळंल, का घरटी एक घोट?

दादाभाऊ : आहो, त्ये मशिननं काय तरी...

सयाजी : मशिन लई गुणाचं हाय तुमचं. वर बँडवाला, खाली मांडववाला, मधी मी. शेजारी गेणभाऊ, माझा बांध कोरणारा. आणि दाजी, बँडवाल्याला बी एकट्यालाच बोलवलंय. काय वाजवणार त्यो, शिट्टी?

आरती : मामा, रागावू नका ना.

सयाजी : राग कशाचा? घरटी एक म्हणलंय, तर आमची मंडळी येतील. मी घरी बसतो. अंतरपाटाच्या वक्ताला तुझ्या मागं मांडववाल्याला उभा करा. खांब धरायची सवय हाय त्याला.

आरती : तुम्ही मागे नसाल, तर मी पाटावर उभीच राहणार नाही. आप्पा, ऐकताय?

दादाभाऊ : ...चुकलं, पावणं. चूलबंद. आख्खं घर या. एक पिकअप.

सयाजी : दोन.

दादाभाऊ : ...बरं, दोन. पण मागं तुमीच उभं राहायचं.

सयाजी : आसं तोंडी न्हाई चालायचं. मेल धाडा. आणि चोरून न्हाई, कालच्या समद्यांना दिसंल असा.

आरती : आत्ता पाठवते, मामा.

सयाजी : जरा थांब. कालचा गेणभाऊनं वाचून दाखवला, पारावर उभं राहून. मेल उघडायचा कसा, तेवढं दाखव की पोरी.