आवळ्याचं काळं तेल

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या वर्षी एका रविवारी माह्या नवऱ्याचा हात थरथरायले लागला. त्यायनं वस्तरा खाली ठेवला. गिऱ्हाईक दाढी तशीच ठेवून उठलं.

मी अकोल्याची, बाप न्हावी, अमरावतीले दिली तेही न्हाव्याच्याच घरी. आमच्यातल्या बायका बाळंतिणीचं अंग चोळतात, डोक्याले तेल घालतात, ते मले माईनं शिकवलेलं. पण तेवढ्यावर घर कसं चालन? दुकानाचा मालक म्हणे जागा सोडा, पानवाला मागून राहिला. सासू म्हणे सोड बाई, न्हाव्याचा हात गेला म्हंजे दुकान गेलं. हे तर भिंतीकडे तोंड करून पडले राहत. म्या मालकाले म्हटलं, होळीपर्यंत थांबा, मी तेल विकून पाह्यते.

तिळाच्या तेलात आवळ्याचा न् माक्याचा रस कढवायचा, तो पितळेच्या पातेल्यात. पण काय सांगू तुमाले, पातेलं पडलं होतं कल्हईवाल्याकडे, अन् मले घाई! म्या चढवली लोखंडी कढई. आवळा लोखंडाले लागला न् तेल उतरलं ते काळंकुट्ट. फेकायचा जीव होईना, तसंच गाळून, जिच्या डोक्याले मी तेल घाली त्या वकिलीणबाईले नेऊन देल्लं.

चौथ्या दिवशी बाई दारात, हातात उशीचा अभ्रा. अगं, तेल दिलंस की काजळ? साहेब विचारतात उशीवर शाई कोणी सांडली! म्या अभ्र्याले हात घातला, म्हटलं बाई, द्या, आत्ता धुऊन देते. तशी ती जवळ आली, हळूच म्हणे, अभ्रा राहू दे, आणखी एक बाटली दे, कानामागचे पांढरे दिसेनासे झालेत, पण कोणाला सांगू नकोस हं. म्या कोणाले सांगितलं नाही. तिनंच सांगितलं! आठ दिवसांत मागच्या दारी मास्तरीणबाई, माळ्याच्या बाया, साऱ्या पदराखाली बाटली घेऊन उभ्या. सासूही एक दिवस म्हणे, थोडं मलेही लाव वो, डोकं दुखून राहिलं.

कढई तासन्‌तास ढवळा लागे. हे उठून आले, म्हणे उलथणं दे इकडे, माहा हात तसाही आपसूकच हलते, तू कायले दमतं? किती दिवसांनी हसले म्हणून सांगू! होळीले मालक आला तं फळीवर बाटल्याच बाटल्या. त्यानं जागेचं भाडं घेतलं, बायकोसाठी एक बाटली घेऊन गेला. पुढं माह्या भावानं अकोल्यालेही याच तेलाचं दुकान टाकलं.

आता सुना तेल कढवतात, पोरं विकतात, देव त्यायले सुखात ठेवो. हे गेल्यापासून मी ते तेल लावत नाही. केस पांढरे झाले. दुकान आहे.