पुढचं मेण

(ओआहू बेटाचा पश्चिम किनारा. सर्फबोर्ड घडवायची शेड. सकाळ.)

हाउनानी : तीन फूट कापू? काका, ही फळी आहे. ऊस नाही, हवा तेवढा तोडायला.

केआवे : बारा फुटांची फळी एकट्या म्हाताऱ्याला काय करायची? तुझ्या बाबांनी घडवली, तर तूच काप. पुढून.

हाउनानी : तुमच्या लग्नाची फळी ती. दोघांसाठी केलेली. बाबा सांगायचे, तुम्ही लाकडाचीच मागत होता म्हणे.

केआवे : माझ्या आजोबांची होती ना कोआच्या लाकडाची. रोज कुकुईचं तेल चोळायचे, सालीच्या कापडात गुंडाळून घरात टांगायचे. आजी म्हणायची, मला नाही कधी एवढं तेल लावलं! तसलीच हवी होती मला. तुझे बाबा म्हणाले, येड्या, ती उचलशील की बायकोला? फोमची घे.

हाउनानी : आणि मोमीकाकू?

केआवे : म्हणाली, फळीच उचला, मी चालत येते.

हाउनानी : मग आता बिघडलंय काय तिचं?

केआवे : मोमी गेल्यापासून लाट धरत नाही. आठ महिने झाले. नाक वर उठतं, फळी अडते, लाट खालून निघून जाते. पोरं आधी लाटेसाठी भांडायची माझ्याशी. हल्ली बाजूला होतात. ‘घ्या काका, तुम्ही घ्या.’

हाउनानी : फळीवर पालथे पडता कुठे तुम्ही?

केआवे : कुठे म्हणजे? माझ्या जागेवर. मागे.

हाउनानी : मग नाक उठणारच! पुढे वजनच नाही. मध्ये सरका की.

केआवे : मध्ये तिचे पाय यायचे.

हाउनानी : ...काका, हे पुढचं मेण ताजं आहे.

केआवे : असेल.

हाउनानी : आजचं आहे. बोटाला लागतंय.

केआवे : पहिल्याच दिवशी घसरून तोंडावर पडली होती ती. तेव्हापासून घसरू नये म्हणून मेण आधी तिच्या जागेवर घासायचं, मग माझ्या. पाण्यात शिरण्याआधी प्रार्थना म्हणतो ना, ती म्हणता म्हणता हात पुढेच जातो. चव्वेचाळीस वर्षं गं. म्हणून म्हणतो, काप. जागाच नसली तर हात थांबेल.

हाउनानी : नाही थांबणार. वाळूवर घासाल.

केआवे : कापणार की नाही तू?

हाउनानी : नाही. चढा वर, पालथे पडा. पुढे. अजून. लाजताय काय, अजून वीतभर! हां. ही पेन्सिलीची खूण. हनुवटी इथे आली पाहिजे.

केआवे : इथे तिचं मेण छातीला चिकटतंय.

हाउनानी : चिकटू दे. घसरणार नाही तुम्ही.

केआवे : ...हाउनानी.

हाउनानी : काय, काका?

केआवे : पोरांना सांगून ठेव. उद्या बाजूला होऊ नका म्हणावं.