चाळणीचं कार्ड

बघायचं तर तिथूनच बघा, भिंतीवरून काढायचं नाही — आणि ते पांढरे हातमोजे कशाला चढवताय? सायकलच्या दुकानात आलात, कुणाचं पोट फाडायला नाही. हो, टाचणीच मारलीय. मीच मारली, बरोबर मध्ये, डोक्याच्या जरा वर. काय? भोक पडलं म्हणून किंमत गेली? गेली तर गेली, मी कुठे तिची वाट बघत बसलो होतो. मोठ्यानं बोला, मला कमी ऐकू येतं — जन्मभर रिमा ठोकल्या, कानांनी तरी किती सोसायचं. आणि मी मोठ्यानं बोलतो त्याची काळजी करू नका, पडद्यामागे आमच्या धाकट्याचा रेडिओ चालू आहे, मॅच लागलीय, आणि मॅच लागली की त्याला घर जळालं तरी कळायचं नाही.

हां — तोच. भिंतीवरचा आणि पडद्यामागचा एकच. तो आडवा झेपावलेला गोलकीपर, हातात बॉल, केस उडालेले, तो माझा सख्खा धाकटा भाऊ. आता पलंगावरून मोरीपर्यंत जायचं तर माझा खांदा लागतो. तुम्हाला काय वाटलं, मेला असेल? तोंडावरून दिसतंय तुमच्या. मेल्यावर कार्डाला भाव चढतो म्हणे — मग थोडा उशीर करून यायचं होतं साहेब, इतकी कसली घाई, टाळूवरचं लोणी कुठे पळून जातंय.

दुर्मिळ, दुर्मिळ! आल्यापासून जपमाळ ओढताय नुसती. माझ्या तोंडात दात दुर्मिळ आहेत, वर दोन नि खाली एक, द्या की भाव. नाही देणार. का नाही देणार? कारण ते कुणाला नकोत. म्हणजे नुसतं कमी असून भागत नाही, कमी असलं पाहिजे आणि शिवाय चार येड्यांना ते हवं असलं पाहिजे — हे मला तुम्ही शिकवायला नको, जुन्या सायकलींचं मी हेच बघितलंय. आणि तुम्हाला तरी तो का हवाय? त्याची एखादी अडवलेली किक आठवते? तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता. तुमच्या वहीत संघाचे दहा जण चिकटवलेत, अकरावी जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी जागा तुम्हाला जेवू देत नाही. दात पडला की जीभ सारखी तिथंच जाते, तसं. माणूस नकोय तुम्हाला, खड्डा बुजवायला माती हवीय.

कोरं हवं? वळी नसलेलं, डाग नसलेलं? मग त्यासाठी एवढी रडारड कशाला, खोक्यात आहेत की चांगली कोरी — 

काही नाही. कसलं खोकं? ट्यूबांचं खोकं म्हणालो. बसा खाली. अहो बसा! तिकडे फळीखाली वाकताय काय, ऑइल सांडलंय तिथे, पँट खराब होईल — झाली ना? बरं झालं. थांबा, मीच काढतो, तुमचे ते पांढरे पंजे नकोत त्यात. घ्या. बघा. ट्यूबच्या खोक्यात ट्यूबच असते असं कुठे लिहिलंय? आज काढलं खरं, नाहीतर मी हे कुणाला दाखवत नाही, त्यालासुद्धा दाखवलं नाही. त्याला तर मुळीच नाही.

आता तोंड का पडलं? आत्ता, या क्षणापर्यंत डोळे लकाकत होते नवऱ्या मुलासारखे. खोकं काठोकाठ भरलेलं बघितलं आणि लगेच सुतक? अहो, कार्ड तेच, तोंड तेच, झेप तीच. फक्त त्याच्या शेजारी त्याचेच जुळे निघाले, तर आत्ता सोनं होतं त्याची लगेच रद्दी झाली? मग खरं कधी बोलत होता तुम्ही, मघाशी का आत्ता? कसली अक्कल ही तुम्हा लोकांची! उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, तुमच्या बाजारात सोन्याला पुन्हा उकिरड्यावर जायला पाणी प्यायचाही वेळ लागत नाही.

इतकी कुठून आली? गटारातून आली. हसू नका, गटारातूनच. त्या मोसमात च्युइंगमच्या पाकिटात एकेका खेळाडूचं कार्ड निघायचं. कंपनीनं छापून ठेवली होती आधीच, आणि मग झाली फायनल. शेवटची मिनिटं, आणि बॉल आला लोळत — लोळत हो, एखाद्या म्हातारीनं पदर पसरून अडवला असता — आणि ह्याच्या दोन पायांतून आत. संपलं. घरी येईपर्यंत गावानं नाव ठेवलं होतं : चाळणी. पोरं पाकीट फोडायची, आत ह्याचं तोंड दिसलं की ‘ए, चाळणी निघाली रे!’ आणि फेकली रस्त्यावर. पानवाल्यापासून माझ्या दुकानापर्यंत माझा भाऊ पडलेला असायचा, तोंडावर चपलांचे ठसे. ते तरी परवडलं. पण कार्टी ते कार्ड कपड्याच्या चिमट्यानं सायकलला लावायची, चाकाच्या तारांना घासेल असं, म्हणजे फटफटीसारखा आवाज येतो. मजा म्हणून. तुम्हीही केलं असेल लहानपणी. एक सायकल गल्लीतून गेली की माझ्या भावाच्या थोबाडात फट् फट् फट् फट् — एक तार संपली की दुसरी. आणि तो इथे, ह्याच पडद्यामागे, दाढी वाढवून, भिंतीकडे तोंड करून पडलेला. आवाज येतोय तो कशाचा, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी पंक्चर काढत होतो नि ऐकत होतो.

मी काय करणार? शाळेतून मास्तरांनी दुसरीतच हाकललं, भाषण येत नाही, मारामारी करायची तर कुणाकुणाशी. माझ्याकडे होती हवा. पंप माझा. पोरांना सांगितलं, चाकातलं ते कार्ड काढून दे, हवा फुकट. मूठभर आणलीत तर पंक्चर फुकट. आणि आवाज हवाच असेल तर हे घे, वाघ लाव तिथे. वाघ म्हणजे तो गोल करणारा, सगळ्यांचा लाडका, केसांना तेल लावून फोटो काढलेला — अहो, डोक्याला हात का लावताय? हो, तोच तुमचा वाघ. ज्याच्यासाठी तुम्ही घर गहाण टाकलं असेल तोच. किती तरी वाघ मी स्वतःच्या हातानं चाकात घातले. चिंध्या झाल्या. आवाज फार छान यायचा.

मग बघा गंमत. पोरांनी गटारं उपसली, नव्या पाकिटातली कोरी चाळणीही न फेकता माझ्याकडे आणली. पलीकडच्या गल्लीतली पोरं यायला लागली. ‘दोन वाघ घे, एक चाळणी दे’ — माझ्या दारात, ह्या कानांनी ऐकलंय, तेव्हा कान बरे होते. हवा मिळते म्हणून हो, दुसरं काय! असतील शितं तर जमतील भुतं. पण लांबून बघणाऱ्याला काय कळतं? एक दिवस दोन पोरं ह्याच्या कार्डासाठी इथे मातीत लोळून भांडली, एकाच्या सदऱ्याची बाही हातात आली, आणि पडदा हलला. धाकटा उभा. म्हणाला, ‘दादा, माझ्या कार्डावरून भांडतायत?’ मी म्हणालो, मग काय! ‘पण कुणाच्या हातात दिसत तर नाही ते.’ म्हटलं, येड्या, दिसेल कसं? ज्याला मिळतं तो उशाखाली घालून ठेवतो. हरला म्हणून काय झालं, गोलकीपर एकच असतो.

त्यानं दाढी केली. दुसऱ्या दिवशी बाहेर पडला, धान्याच्या गोदामात लागला, म्हातारा होईपर्यंत ताठ मानेनं गेला नि आला. कुणी चाळणी म्हणालं तर हसायचा — म्हणायचा, ‘बोल बाबा, उशाखाली मीच आहे तुझ्या.’ त्या एका थापेवर माणूस उभा आहे साहेब. आणि थापेखाली हे खोकं आहे.

काय? जरा मोठ्यानं. नाही, आता ऐकू आलं, पण परत म्हणा, माझा विश्वास बसत नाही. चांगली चार-पाच निवडून ठेवायची आणि बाकीची — जाळायची? तुमच्यासमोर? म्हणजे मग भाव येईल? वा! अहो, अख्ख्या गावानं पायाखाली घातली ही, एकानं उचलून घेतलं नाही, एकानं! मी एकेक गटारातून काढलं, ओल्या फडक्यानं पुसलं, ट्यूबांखाली दाबून सरळ केलं, हवा फुकट वाटून वाटून माझ्या छातीचा भाता फुटला, कशासाठी, तर तुम्ही यावं आणि म्हणावं की माणूस कमी करा म्हणजे महाग होईल? गावानं तरी नुसतं फेकलं होतं हो! कुणाच्या उशाखाली नव्हता तो, कुणाच्याच नाही, सगळा इथे होता, माझ्या फळीखाली, आणि — 

काय झालं? तिकडे काय बोट दाखवताय? पडद्याकडे?

रेडिओ?

कधी बंद झाला?

हळू. हळू बोला आता. मॅच संपली असेल. संपली असेल ना? तुम्हाला ऐकू येतं, तुम्ही सांगा — शिट्टी वाजली होती का? आठवत नाही? मग कान काय हातमोज्यात घालून आलाय! ऐका. एक काम करा माझं. मोठ्यानं बोला, पडद्याकडे तोंड करून. म्हणा, मी इतकी शहरं फिरलो, पण हे कार्ड कुणी हातचं सोडत नाही. खोटं कुठे आहे, मघाशी तुम्हीच म्हणालात की, कुठे मिळत नाही म्हणून. म्हणा. तोंड शिवलं का आता? भाव सांगताना तर जीभ कशी भोवऱ्यासारखी फिरत होती — हां. अजून मोठ्यानं. कुणी सोडत नाही म्हणा, मिळत नाही नको. हां, असं.

ऐकलंस का रे धाकट्या? लांबून आलेत हे. तुझ्यासाठी.

...

लागला. रेडिओ लागला परत. मलाही ऐकू येतोय. मलाही — इतका मोठा तो कधी करत नाही.

उठा. खोकं सोडा, हात काढा त्यातनं. एकही नाही, भोकाचंही नाही. सायकल आणलीय? हवा भरायचीय? नाही? मग सायकलच्या दुकानात तुमचं काय काम आहे? चला, निघा.